एक किलो रंग, शंभर किलो मीठ

सूत रंगवायच्या कारखान्याचे, म्हणजे डाईंगचे, मालक रविवारी सकाळी स्कूटरवर आले ते पायाशी दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घेऊनच. टोपण नीट बसलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या पांढऱ्या पायजम्याच्या एका पायावर गुडघ्यापर्यंत नेव्ही ब्लू उतरला होता. बाटली पायरीवर ठेवून म्हणाले, "सर, तुमच्या कॉलेजात रंग घालवायची पावडर केलीय म्हणं. पेपरात आलंय. हे घ्या, घालवून दाखवा."

पेपरात आलं होतं हे खरं. बातमीत "सांडपाण्यातील रंग काही तासांत नष्ट" असं लिहिलं होतं, आणि सोबत माझ्या विद्यार्थिनीचा दोन बीकर धरलेला फोटो. एका बीकरमध्ये निळं पाणी, दुसऱ्यात स्वच्छ. फोटो खोटा नव्हता, बातमीही खोटी नव्हती. तरी पुढचे आठ महिने आम्ही त्या फोटोचं देणं फेडत होतो.

मालकांचं डाईंग सोलापूरच्या एमआयडीसीत. टॉवेलचं सूत लडीवर रंगवायचं काम, बहुतेक रिॲक्टिव्ह जातीचे रंग, थोडे व्हॅट जातीचे. पाणी टँकरचं, कारण नळाचं पाणी तेव्हा घरालाच चार-पाच दिवसांआड यायचं. रंगखात्याचे मास्टर तेलुगू बोलणारे, सोलापुरात तिसरी पिढी. हिशेब मराठीत सांगतात, शिव्या तेलुगूत देतात. कोणाचंही नाव इथे घालत नाही.

आमची पावडर

पावडर म्हणजे झिंक ऑक्साइड, ज्याला वैद्य यशद भस्म म्हणतात त्याचीच फार बारीक भावंडं. झिंक ॲसिटेटच्या द्रावणात कॉस्टिक सोड्याचं पाणी थेंब-थेंब सोडायचं, दुधासारखा साका खाली बसतो, तो चार-पाचदा धुवायचा, वाळवायचा आणि भट्टीत ४०० अंशांवर भाजायचा. मूस बाहेर काढली की पावडर हळदीसारखी पिवळी दिसते आणि डोळ्यांदेखत थंड होत पांढरी पडते. दर वर्षी नवीन पोरांना वाटतं काहीतरी बिघडलं. क्ष-किरण तपासणीत स्फटिकाचा आकार पंचवीस-तीस नॅनोमीटरच्या घरात आला होता (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग).

काम कसं चालतं ते थोडक्यात. उन्हातला अतिनील किरण ऑक्साइडवर पडला की आतला एक इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो आणि मागे रिकामी जागा राहते. वर गेलेला इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला मिळतो. रिकामी जागा पृष्ठभागावरच्या पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल जन्माला येतो. हा प्राणी जन्मतःच भुकेला असतो. समोर येईल त्याला धरतो. रंगाचा रेणू समोर आला तर तो तुटतो. प्रकाशाच्या जोरावर ऑक्साइडकडून पाण्याचं विघटन करून घेण्याचा प्रयोग फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी १९७२ साली टायटॅनियम डायऑक्साइडवर दाखवला. आजची ही सगळी शाखा तिथून फुटली.

आता फोटोतल्या बीकरचं. त्यात मिथिलीन ब्लू होता, लिटरला १० मिलिग्रॅम, डिस्टिल्ड पाण्यात. मे महिन्यातली कॉलेजची गच्ची. दोन-अडीच तासांत पाणी स्वच्छ. मिथिलीन ब्लू आम्ही घेतला कारण सगळे तोच घेतात: कपाटात असतो, ६६४ नॅनोमीटरचा प्रकाश शोषून आलेखात ठळक शिखर देतो, आलेख देखणा येतो. पण सुती टॉवेल मिथिलीन ब्लूने कोणी रंगवत नाही. शिवाय तो धनभारित आहे आणि नुसत्या उन्हातही थोडा विटतो. पावडर न घातलेला बीकर उन्हात ठेवून तुलना करायची असते, ती पहिल्या खेपेला आम्ही केलीच नव्हती. नंतर केली तेव्हा आमच्या यशातला एक लहानसा वाटा सूर्याने एकट्याने मिळवलेला निघाला. तो वजा करूनही पावडर चांगली ठरली. पण पेपरवाल्यांना हे कोण सांगणार.

बाटलीतलं पाणी

सोमवारी बाटली उघडली. पीएचची पट्टी बुडवली तर गडद जांभळी, म्हणजे ११ च्या आसपास, चांगलंच अल्कलीचं. १०० मिली पाणी घेतलं, पावडर घातली, गच्चीवर ठेवलं. दहा मिनिटांत पावडर तळाशी जाऊन बसली. ढवळलं, पुन्हा बसली. संध्याकाळी पाच वाजता पाणी सकाळी होतं तेवढंच निळं आणि तळाची पावडर फिकट निळसर. विद्यार्थिनीने पावडरच्या बरणीवरची तारीख तपासली. चुकीची पावडर घेतली असेल, अशी तिची आशा होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही डाईंगवर गेलो आणि मास्टरांना म्हटलं, एका लॉटमध्ये काय काय पडतं ते नुसतं सांगा. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून दिलं. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

सूत १०० किलो. एकास दहा या प्रमाणात १,००० लिटर पाणी. गडद नेव्हीला सुताच्या चार टक्के रंग, म्हणजे ४ किलो. मीठ लिटरला ८० ग्रॅम, म्हणजे ८० किलो. सोडा ॲश लिटरला २० ग्रॅम, म्हणजे २० किलो. ६० अंशांवर तासभर. मग धुणी: गार, ॲसिटिकचं, उकळतं साबणाचं, पुन्हा गरम, पुन्हा गार, अशी सात. सगळं मिळून एका लॉटमागे ८,००० लिटर.

रिॲक्टिव्ह रंग सोडा ॲशच्या अल्कलीत सुताला रासायनिक बंधाने धरतो, म्हणून तो पक्का. पण त्याच अल्कलीत तो पाण्यालाही धरतो, आणि एकदा पाण्याला धरला की सुताला धरत नाही. शंभरातला साठ ते ऐंशी भाग सुतावर जातो, उरलेला गटारात. पंचाहत्तर धरा. म्हणजे चार किलोतला एक किलो रंग पाण्यात.

आणि त्याच्या सोबतीला शंभर किलो मीठ-सोडा, जो सुतावर राहतच नाही.

हा कागद बघितल्यावर आमचा निळा बीकर मला एखाद्या लग्नातल्या फोटोसारखा वाटायला लागला. सगळे नटलेले, कोणीच रोजचे नाहीत. रिॲक्टिव्ह रंगाच्या रेणूवर सल्फोनेटचे गट असतात, त्यामुळे तो ऋणभारित. झिंक ऑक्साइडच्या पृष्ठावरचा भार पीएच ९ च्या सुमारास पालटतो: त्याखाली धन, त्यावर ऋण. बाटलीतलं पाणी ११ चं. म्हणजे पावडरही ऋण, रंगही ऋण; दोघं एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहायला तयार नाहीत. वर मिठाने कणांभोवतीचं विजेचं कवच दाबून टाकलेलं, त्यामुळे कण एकमेकांना चिकटून गठ्ठे झाले आणि बसले. पंचवीस नॅनोमीटरचा जो काही दिमाख होता तो दहा मिनिटांत तळाला गेला.

रॅडिकलचं तर बोलूच नये. सोड्यातला कार्बोनेट त्याला आवडीने खातो. एका रेणूमागे बघितलं तर रंगच जास्त वेगाने खातो, पण इथे रंगाच्या एका रेणूमागे कार्बोनेटचे जवळपास दोनशे. ढोबळ हिशेबाने आठ रॅडिकल जन्मले तर सहा-सात सोड्याच्या घशात.

प्रकाश ही चौथी अडचण, आणि ती मास्टरांनीच दाखवली. त्यांनी काचेच्या ग्लासात टाकीतलं पाणी भरून वर्तमानपत्रासमोर धरलं. अक्षरं सोडा, मथळाही दिसेना. "सर, इथं ऊन आत कसं जायचं?" टाकी आठ फूट खोल आहे.

दुसरी फेरी

यावर सरळ उपाय होते आणि आम्ही ते केले. आम्लाने पीएच साडेसातावर आणला. कार्बोनेटचा बायकार्बोनेट झाला, तो रॅडिकलला तेवढ्या आवडीने खात नाही. बरंच काही फसफसून कार्बन डायऑक्साइड म्हणून उडून गेलं (पहिल्या वेळी बादलीतून उतू जाऊन विद्यार्थिनीची चप्पल निळी झाली). पहिल्या बाथचं, म्हणजे ज्यात सूत रंगतं ते पाणी बाजूला ठेवून फक्त चौथ्या-पाचव्या धुण्याचं फिकट पाणी घेतलं. खोल टाकीऐवजी स्टीलच्या परातीत बोटभर थर. आणि सतत ढवळणं.

रंग गेला. सकाळी दहाला ठेवलेलं पाणी तीनपर्यंत चहाची गाळणी विसळलेल्या पाण्यासारखं, किंचित पिवळसर, पण निळा नाही. मालक बघायला आले होते. परातीत बोट बुडवून त्यांनी ते पायजम्याला पुसलं आणि डाग पडत नाही हे बघून खूश झाले.

मी तेवढा खूश नव्हतो. निळा जाणं म्हणजे रंगाच्या रेणूतला दोन नायट्रोजनांमधला ॲझो बंध तुटणं. रेणूचे तुकडे पाण्यातच असतात, फक्त डोळ्याला दिसत नाहीत. काही ॲझो रंग तुटल्यावर घातक ॲरोमॅटिक अमाइन सोडतात, म्हणूनच भारत सरकारने नव्वदच्या दशकात ११२ रंगांवर बंदी आणली. आजचे चांगले रंग त्या यादीत नाहीत, पण "दिसत नाही" आणि "नाही" यांत फरक आहेच. सीओडी मोजला, म्हणजे पाण्यातली घाण रासायनिक रीतीने जाळायला किती ऑक्सिजन लागतो ते. रंग जवळपास सगळा गेला होता, सीओडी निम्माही उतरला नव्हता.

मग पाण्यातलं जस्त मोजून घेतलं, आणि तिथे आम्ही स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतल्याचं कळलं. लिटरला १ ग्रॅम पावडर म्हणजे त्यात सुमारे ८०० मिलिग्रॅम जस्त. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात जस्त ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. पावडरचा शंभरावा भाग जरी विरघळला तरी ८. झिंक ऑक्साइड दोन्हीकडून विरघळतो, आम्लातही आणि तीव्र अल्कलीतही. साडेसात पीएचला तो आपल्याला वाटतो तेवढा शहाणा राहत नाही. आमचं पाणी मर्यादेच्या वर निघालं. रंग काढून जस्त घातलं, असा एकूण व्यवहार झाला.

टायटॅनियम डायऑक्साइड विरघळत नाही. तो विकत आणला, तो चाललाही. प्रश्न उरला जागेचा. एका संध्याकाळी मालकांसमोरच कॅल्क्युलेटर घेऊन बसलो.

८,००० लिटर पाणी, सीओडी लिटरला १ ग्रॅम धरू. म्हणजे ८ किलो ऑक्सिजनची भूक, म्हणजे २५० मोल ऑक्सिजन (मोल हे रेणू मोजायचं रसायनातलं माप), म्हणजे १,००० मोल इलेक्ट्रॉनांची देवघेव. सोलापूरच्या चांगल्या उन्हात एका चौरस मीटरवर दिवसाला सहा युनिटच्या आसपास ऊर्जा पडते. त्यात अतिनील भाग चार-पाच टक्के. तेवढ्यात प्रकाशकण साधारण ३ मोल. प्रत्येक कण कामी आला तर ३३३ चौरस मीटर पुरतील. पण वर गेलेला इलेक्ट्रॉन बहुतेक वेळा गुपचूप खाली आपल्या जागेवर परत येतो आणि नुसती उष्णता होते. शंभरातले पाच कण कामी आले तरी चांगलं म्हणायचं. मग जागा लागते साडेसहा हजार चौरस मीटरच्या वर, म्हणजे दीड एकरापेक्षा जास्त, बोटभर पाण्याच्या परातींनी भरलेली. एका लॉटसाठी. दिवसाला ते तीन लॉट काढतात.

मालकांनी कॅल्क्युलेटर माझ्या हातून घेतला, आकडा पुन्हा बघितला. "एवढी जागा असती तर मी डाईंग कशाला काढलं असतं?"

अतिनील दिवे लावता येतात, पण मग विजेचं बिल येतं. आणि यातलं काहीही केलं तरी मीठ जागचं हलत नाही. शंभर किलो मीठ-सोडा ८,००० लिटरमध्ये म्हणजे लिटरला १२,५०० मिलिग्रॅम. कापड उद्योगाच्या सांडपाण्यासाठी केंद्राने २०१६ साली घातलेली विरघळलेल्या क्षारांची मर्यादा २,१०० आहे. तमिळनाडूत तिरुपूरचं जे झालं त्याच्या मुळाशी हेच. नोय्यल नदी रंगाने बदनाम झाली, पण तिच्या काठची शेती क्षारांनी मारली. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथली डाईंग बंद करायला लावली ती "पाण्याचा थेंबही बाहेर जाणार नाही" ही अट पाळली नाही म्हणून. आज तिथे पाणी पडद्यांतून गाळून, उरलेलं आटवून मीठ परत काढतात. रंग घालवणारी कुठलीही पावडर त्या अटीतला सोपा भागच सोडवते.

पावडर परत मिळवण्यासाठी आम्ही चुंबकही करून पाहिला. मॅग्नेटाइटच्या, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या लोखंडाच्या ऑक्साइडच्या, कणांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर दिला, आणि जुन्या स्पीकरचा चुंबक बाटलीला लावला की सगळी पावडर काचेवर मिशीसारखी जमते. बघायला फार मजा येते. पण मॅग्नेटाइट थेट चिकटलेला असला तर इलेक्ट्रॉन त्यात जिरतो आणि काम मंदावतं. मध्ये सिलिकाचा थर द्यावा लागतो. म्हणजे अजून एक पायरी, अजून खर्च. ती बाटली आम्ही मालकांना भेट दिली.

हिराकस

या सगळ्या काळात डाईंगचं पाणी रोज निघतच होतं आणि मास्टर ते आपल्या पद्धतीने निभावत होते: दोन बादल्या हिराकस, वर चुना. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. आपल्याकडे हिरड्याच्या काढ्यात घालून काळी शाई करायचे तेच. मी ती टाकी आठ महिने ओलांडून जात होतो. मास्टरांची ती सवय मला जुनाट वाटायची, हे कबूल करतो.

एकदा गाळ काढताना थांबलो. काठावर टाकलेला गाळ आतून काळपट हिरवा होता आणि कडेने, वारा लागेल तिथे, तांबूस होत चालला होता. पोळीच्या कडा करपाव्यात तसा. अल्कलीत फेरसचा हिरवट हायड्रॉक्साइड होतो आणि तो इलेक्ट्रॉन द्यायला टपलेला असतो. ॲझो बंध त्यालाही तोडता येतो, अंधारात, आठ फूट खोल, उन्हाची वाट न बघता. मग हवेने तो तांबूस ऑक्सिहायड्रॉक्साइड बनतो आणि रंगाचे तुकडे अंगाला चिकटवून खाली बसतो. ताज्या साक्यातल्या अशा कणाचा आकार दोन ते सहा नॅनोमीटर असू शकतो. आमच्या भट्टीतल्या पावडरहून बारीक.

हे मी मास्टरांना सांगितलं. ते हसले. "म्हणजे आमची बादली पण न्यानोच की!" आणि पोराला तेलुगूत काहीतरी म्हणाले, त्यावर तो माझ्याकडे बघून हसला.

बादलीत दोष होतेच. चुना अंदाजाने, हिराकस नको तेवढा, ढवळणं बांबूने. सहा बीकर मांडून जार टेस्ट घेतली, मात्रा एकेक पायरीने कमी करत गेलो. पीएच ९ च्या आसपास धरला, आधी जोरात ढवळून मग पंधरा-वीस मिनिटं हळू, तर निम्म्याच्या जवळपास हिराकसात तेच काम होऊ लागलं. गाळही तेवढाच घटला. ते महत्त्वाचं, कारण हा रासायनिक गाळ कायद्याने घातक कचरा आहे. पोत्यांत भरून रांजणगावला पाठवावा लागतो आणि वजनावर पैसे मोजावे लागतात. प्रकाशावर चालणाऱ्या ऑक्साइडची खरी सरशी इथेच आहे, त्याचा गाळ होत नाही. विद्यार्थिनीच्या प्रबंधात ते एक पान मी आग्रहाने ठेवायला लावलं.

दुसरा बदल पाइपाचा. पहिला बाथ वेगळ्या टाकीत काढायचा, धुण्याच्या पाण्यात मिसळायचा नाही. प्लंबरचं दोन दिवसांचं काम. रंगाचा आणि मिठाचा बहुतेक भार त्या १,००० लिटरमध्ये असतो. बाकीचं पाणी एवढं हलकं झालं की त्याला हिराकस नावालाच लागतो.

वेगळ्या काढलेल्या १,००० लिटरमधला रंग उतरवला की उरतं जवळपास नितळ मीठपाणी. मास्टरांच्या डोक्यात लगेच आलं: हेच पुढच्या काळ्या लॉटला का नाही वापरायचं? ८० किलो मीठ वाचलं तर वाचलं. निळ्या पिंपात भरून ठेवलं आणि पाच किलोची एक लडी त्यात काळी रंगवली. दोरीवर नेहमीच्या लडीशेजारी टांगली. लांबून दोन्ही सारख्या. जवळ जाऊन मालकांनी नवी लडी नखाने खरवडली, तर नखाखाली पांढरी भुकटी आली आणि सूत हाताला राठ लागलं.

चुना. त्याचं कॅल्शियम मीठपाण्यात उरलं होतं, सोडा पडताच त्याचा खडू होऊन सुतावर बसला. आता चुन्याऐवजी कॉस्टिकने पीएच धरून दुसरं पिंप भरलंय. कॉस्टिक महाग पडतं, म्हणून मालक किलोचा भाव विचारून घेतायत, आणि लडी गुरुवारी घालायची ठरलीय.